कानाचा आवाज वेगळा, रेकॉर्डिंगची लेव्हल वेगळी

प्रतापनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची ८४ वर्षांची आजी अमरावतीला असते. आजीला भुलाबाईची पुष्कळ गाणी पाठ आहेत. दर रविवारी ताई लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावतात, आजी गाते, मध्येच टिपऱ्या वाजवून दाखवते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकला दोन तोंडांची जोडणी लावून एका तोंडात ताईंचे हेडफोन आणि दुसऱ्यात मामांनी दिलेला छोटा रेकॉर्डर, अशी त्यांची मांडणी आहे. तक्रार अशी की आवाज कधी फाटतो, तर कधी इतका बारीक येतो की कान लावून ऐकावं लागतं. हेडफोनचा आवाज कमी केला की रेकॉर्डिंगही कमी होतं. "लॅपटॉपचा आवाज नेमका किती ठेवू, ५० की १००?" असं त्या विचारतात.

ताई, आकडा सांगतो. साधारण ७० ते ८० ठेवा. पण नुसत्या या आकड्याने तुमचं काम होणार नाही, कारण तुमची अडचण आकड्याची नाहीच. एकाच बटणाला तुम्ही दोन कामं लावली आहेत. त्याच बटणाने तुमच्या कानाला सोसेल इतका आवाज ठेवायचा आणि त्याच बटणाने रेकॉर्डरलाही मानवेल इतका माल पाठवायचा. आजी मोठ्याने गायली की तुमचा हात आपोआप आवाज कमी करायला जातो, आणि नेमकं तिथे रेकॉर्डिंग खाली बसतं. ती पुटपुटली की तुम्ही वाढवता, मग पुढच्याच ओळीला टिपरी वाजते आणि आवाज फाटतो. मी नागपुरात वीसेक वर्षं हेच काम करतो आहे, जुन्या कॅसेट उतरवून देणं, झाडीपट्टीच्या नाटकांचं संगीत भरणं. या दोन कामांची सांगड सोडवणं एवढंच लेव्हलचं निम्मं शिक्षण आहे.

आधी तो फाटका आवाज पाहू, कारण बारीक आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून पूर्ण आवाजावर साधारण अर्धा ते एक व्होल्ट एवढा सिग्नल बाहेर येतो. माइकमधून येतो तो काही मिलिव्होल्ट, म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. छोट्या रेकॉर्डरचं बाहेरचं भोक बहुधा माइकसाठी केलेलं असतं. त्यात हेडफोनचा माल ओतणं म्हणजे चहाच्या गाळणीखाली नळ सोडण्यासारखं आहे. कंपन्यांना हे माहीत असल्यामुळे बऱ्याच रेकॉर्डरच्या मेनूत 'माइक' आणि 'लाइन' अशी निवड दिलेली असते. काहींवर बाजूला 'हाय' आणि 'लो' असं सरकतं बटण असतं. ते आधी शोधा. 'लाइन' असेल तर तेच लावा. फक्त 'हाय-लो' असेल तर 'लो' लावा. मेनूत 'प्लग-इन पॉवर' असं काही दिसलं तर ते बंद करा. छोट्या कॉलर माइकला वीज पुरवायची ती सोय आहे, लॅपटॉपला तिची गरज नाही.

आता यातली गंमत पाहा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. स्वस्त रेकॉर्डरमध्ये लेव्हलची चकती ज्या जागी असते, तिच्या आधी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसलेला असतो. माल जास्त आला तर आवाज त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच फाटतो. मग तुम्ही चकती फिरवून लेव्हल कमी करता. मीटर छान -१५ वर दिसतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि फाइल ऐकली तर आवाज तसाच फाटका. फाटलेलं कापड घडी घालून ठेवलं, एवढंच झालं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फाटलेली एक फाइल ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा आणि जिथे आवाज चिरकतो तिथे खूप मोठं करून पाहा. नीट आवाजाच्या लाटेचे माथे गोल असतात, टेकड्यांसारखे. फाटलेल्या आवाजाचे माथे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसतात. हे सपाट माथे पार वरच्या रेषेला टेकले असतील तर दोष रेकॉर्डरच्या लेव्हलचा, ती कमी करा. पण माथे सपाट आहेत आणि वरच्या रेषेपासून बरेच खाली आहेत, असं दिसलं तर आवाज रेकॉर्डरच्या चकतीआधीच कुठेतरी फाटला आहे. मग चकती कितीही फिरवा, फरक पडणार नाही. एक तर लॅपटॉपचा आवाज कमी करायचा, नाहीतर मध्ये रेझिस्टरवाली केबल घालायची.

त्या केबलबद्दल दोन वाक्यं. बाजारात तिला अ‍ॅटेन्युएटर केबल म्हणतात, पण दुकानात मागितली तर निम्मे दुकानदार तोंडाकडे पाहतात. घरी करणं सोपं आहे: सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि त्याच्या पुढे, रेकॉर्डरच्या बाजूला, सिग्नल आणि जमीन (ग्राउंडची तार) यांच्यामध्ये १०० ओहमचा दुसरा. डाव्या-उजव्या दोन्ही वाटांना अशी एकेक जोडी. यातून सिग्नल साधारण शंभरावा हिस्सा उरतो, म्हणजे ४० डेसिबल कमी होतो, आणि माइकच्या भोकाला मानवतो. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात दोन ईपी स्टिरिओ पिना (हेडफोनला असतात त्या ३.५ मिलिमीटरच्या), थोडी शिल्डवाली वायर आणि चार रेझिस्टर मिळतील. डाक (सोल्डर) देता येत नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला दहा मिनिटांत करून देतो. तुमच्या रेकॉर्डरला 'लाइन' असेल तर मात्र याची काही गरज नाही.

आता लेव्हल लावायची. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लॅपटॉपपासून रेकॉर्डरपर्यंत आवाज तीन-चार ठिकाणी वाढवता-घटवता येतो आणि प्रत्येक जण मनाला येईल तिथे हात घालतो. माझा नियम असा: उगमाकडे भरपूर ठेवायचं, शेवटच्या टोकाला मापून घ्यायचं. कॉलच्या अ‍ॅपमध्ये आवाजाची स्वतःची पट्टी असेल तर ती पूर्ण. विंडोजचा मुख्य आवाज ७० ते ८०. रेकॉर्डरची लेव्हल सुरुवातीला अगदी खाली. मग आजीला म्हणायचं, "आजी, एकदा सगळ्यात मोठ्या आवाजात गा आणि टिपऱ्या जोरात वाजव." ती वाजवत असताना रेकॉर्डरची लेव्हल हळूहळू वर न्यायची आणि मीटरचा सर्वांत उंच उसळणारा भाग -१२ च्या आसपास आला की हात काढून घ्यायचा.

उगमाकडे भरपूर का? लॅपटॉपच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची एक बारीक खरखर असते आणि आवाज २० वर ठेवा की ८० वर, ती तेवढीच राहते. २० वर ठेवून रेकॉर्डरला वाढवलं तर आजीच्या आवाजाबरोबर ती खरखरही वाढते. ८० वर ठेवलं की आजी मोठी आणि खरखर होती तिथेच. अगदी १०० ला मी सहसा जात नाही. काही लॅपटॉप शेवटच्या टप्प्यात स्वतःच आवाज चिरकवतात, शिवाय कंपनीने आवाज 'दमदार' करणारं काहीतरी आत टाकलेलं असतं. साउंडच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' नावाची ओळ दिसेल, ती बंद करून टाका. गाणं ऐकायला ती बरी, रेकॉर्डिंगला नाही.

आणि -१२ का, तर डिजिटल मीटरमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्या वर जागा नाही, टेकलं की माथा कापला. दर ६ डेसिबल खाली उतरलं की लाटेची उंची निम्मी होते. म्हणजे -६ ला निम्मी, -१२ ला पाव. पाव उंचीवर रेकॉर्डिंग करायचं म्हणजे फुकट घालवल्यासारखं वाटतं, मलाही कॅसेटच्या सवयीमुळे सुरुवातीला तसंच वाटायचं. कॅसेटवर सुई लाल पट्ट्याला खेटवून ठेवली नाही तर टेपची सूं-सूं वर यायची. पण तुमचा रेकॉर्डर २४ बिटवर चालत असेल तर त्याची कागदोपत्री झेप १४४ डेसिबलची आहे, १६ बिटची ९६. त्यातले १२ सोडून दिले तरी आजीच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. ते १२ डेसिबल मध्येच आणखी जोरात बसणाऱ्या टिपऱ्यांसाठी राखीव आहेत असं समजा. टिपरीचा टणत्कार इतका क्षणिक असतो की कानाला तो गाण्याहून फार मोठा वाटत नाही, मीटर मात्र एकदम उसळी मारतो. ऐकून लेव्हल लावणारे टाळ्या, टिपऱ्या, मंजिऱ्या यांनाच फसतात.

एक बारकावा राहिला. रेकॉर्डरमध्ये 'ऑटो लेव्हल' असेल तर बंद करा. तो चांगल्या हेतूने केलेला असतो पण गाण्याचा घात करतो. आजी श्वास घ्यायला थांबली की तो लेव्हल वर चढवतो, मागचा पंखा घोंघावत पुढे येतो, आणि ती पुढची ओळ उचलते तेव्हा पहिला शब्द दणकन आदळून मग खाली बसतो. 'लिमिटर' वेगळा, तो फक्त छताला टेकणारी उसळी दाबतो, तो चालू राहिला तरी चालेल.

आता सांगड सोडवू. तुमच्या रेकॉर्डरला स्वतःचं हेडफोनचं भोक आहे का बघा. बहुतेकांना असतं. तुमचे हेडफोन लॅपटॉपच्या जोडणीतून काढा आणि तिथे लावा. दोन तोंडांची जोडणी मग लागतच नाही. लॅपटॉपमधून सरळ एक केबल रेकॉर्डरमध्ये, आणि रेकॉर्डरमधून तुमच्या कानात. रेकॉर्डरवरचं हेडफोनचं बटण फक्त तुमच्या कानासाठी असतं, ते शून्य केलं तरी फाइलमध्ये जाणारा आवाज तसूभर हलत नाही. हवं तेवढं वर-खाली करा. शिवाय तुम्ही जे ऐकता तेच भरलं जातं आहे याची खात्री राहते. केबल अर्धी निसटली तर तासाभराने नाही, त्याच क्षणी कळतं. रेकॉर्डिंगच्या लेव्हलला आणि विंडोजच्या आवाजाला एकदा लावल्यावर पूर्ण बैठकीत हात लावायचा नाही. मी लॅपटॉपच्या आवाजाच्या कळांवर कागदी चिकटपट्टी लावतो. माझा भाचा हसतो, पण त्याचाच हात दोनदा तिकडे गेलेला आहे.

रेकॉर्डरला हेडफोनचं भोक नसेल तर दोन तोंडांची जोडणी राहू द्या, पण केबलमध्येच आवाजाची छोटी चकती असलेले हेडफोन वापरा. साध्या दुकानात मिळतात. कानाला त्रास झाला की ती चकती फिरवायची. लॅपटॉपचं बटण मग कानाच्या कामाला लागत नाही.

फाटणं आणि बारीक येणं संपलं की तिसरी तक्रार हमखास येते, म्हणून आधीच सांगतो. मागे सतत एक घुमणारा 'हूं' आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो 'हूं' ५० किंवा १०० हर्ट्झवर बसतो. लॅपटॉप चार्जरवर, रेकॉर्डर दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर, दोघांची जमीन भिंतीतून वेगवेगळ्या वाटेने येते आणि केबलमधून एकमेकींना मिळते, तिथून हा उपद्रव सुरू होतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार नुसती शोभेला असते, तिथे हे हटकून होतं. उपाय अगदी सोपा: रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर आणि रेकॉर्डर सेलवर. 'हूं' गेला तर कारण तेच होतं. बॅटरी टिकत नसेल तर मध्ये बसवायचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, त्यात आवाज तारेतून न जाता चुंबकाच्या वाटेने पुढे जातो आणि जमिनींची गाठ सुटते. चार्जरच्या तिसऱ्या पिनेवर चिकटपट्टी गुंडाळून अर्थिंग तोडणारे वीर मी पाहिले आहेत. तसं करू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

नागपूरकर म्हणून कूलरचाही हिशोब करावा लागतो. मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून रेकॉर्डिंग कर असं मी कोणालाच सांगणार नाही, आणि केबलने भरता आहात तर त्याची गरजही नाही. फोन स्पीकरसमोर धरून भरलं असतं तर कूलरची घरघर आणि पाण्याची टपटप दोन्ही आत आले असते. केबलमध्ये तुमच्या खोलीतलं काहीच शिरत नाही. फक्त कूलरची मोटर चालू-बंद होताना एक 'टक्' केबलमधून येऊ शकतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर तोही बहुतेक वेळा जातो. आजीच्या खोलीतला कूलर मात्र येणारच, तो तिच्या माइकमधून येतो. तिच्या गाण्याच्या अर्ध्या तासापुरता तिचा कूलर तिथे कोणाला तरी बंद करायला सांगा.

विंडोजमध्ये एक खोडी आहे जी मला पहिल्यांदा पूर्ण दिवस पुरली. कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. तिथे मूळची निवड अशी असते की कॉल चालू आहे असं विंडोजला वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे. तुम्ही आजीला जुनी फाइल ऐकवायला कॉलच्या मध्ये वाजवली की ती एकदम कोपऱ्यात जाऊन बसते, आणि लेव्हल बिघडली असं वाटून तुम्ही रेकॉर्डरला हात घालता. तिथे 'डू नथिंग' निवडून ठेवा. सूचनांचे 'टिंग' सुद्धा त्याच तारेतून जातात, म्हणून बैठकीपुरत्या सूचना बंद. हेडफोन ब्लूटूथचे असतील तर या कामात ते नकोतच. त्यांचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनच्या दर्जाला उतरतो, आणि शिवाय तार लावायला जागाच नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण दोन-चार रविवार झाल्यावर लक्षात येईल. हेडफोनच्या जॅकमधून फक्त पलीकडचा आवाज बाहेर येतो. तुमचा नाही. "आजी, हे गाणं कोणी शिकवलं?" हा तुमचा प्रश्न फाइलमध्ये नसेल, नुसतं उत्तर असेल. आजी एकटीच बोलते आहे असं वाटेल. काहींना ते चालतं. मला विचाराल तर प्रश्नाशिवाय उत्तरं ऐकताना जीव गुदमरतो. दोन्ही हवं असेल तर केबलऐवजी लॅपटॉपमध्येच भरून घ्या.

ते कसं? ओबीएस नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणजे आजी आणि 'माइक' म्हणजे तुम्ही, असे दोन मीटर दिसतात, आणि दोघांना वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतं. त्याच्या मीटरमध्ये -२० पर्यंत हिरवं, -२० ते -९ पिवळं आणि त्यापुढे लाल रंग असतो. बोलणं पिवळ्यात राहावं, टिपऱ्यांनी लाल रंगाला जरा स्पर्श केला तर घाबरायचं नाही, शून्याला टेकलं तर घाबरायचं. फक्त आजीचाच आवाज हवा असेल तर ऑडॅसिटी पुरे. त्यात वरच्या पट्टीत 'विंडोज वासापी' निवडायचं आणि रेकॉर्डिंगच्या साधनात नावापुढे 'लूपबॅक' लिहिलेलं निवडायचं. म्हणजे आवाज बाहेर तारेत जाऊन परत येण्याआधीच, आकड्यांच्या रूपात भरला जातो. खरखर नाही, 'हूं' नाही, रेझिस्टर नाही. पण लूपबॅकची एक लहर आहे: लॅपटॉपमध्ये काहीच वाजत नसेल तेव्हा रेकॉर्डिंगही थबकतं. आणि हेडफोनच्या आवाजाचं इथे काय होतं ते लॅपटॉपवर अवलंबून आहे. काहींत विंडोजचा आवाज कमी केला तरी भरली जाणारी लेव्हल हलत नाही, काहींत हलते. एक मिनिट रेकॉर्ड करत स्लायडर वर-खाली करा आणि लाट पाहा. हलत नसेल तर तुमची सांगड आपोआपच सुटली, आवाज कानाला सोसेल तसा ठेवा.

मॅक असेल तर लूपबॅकची अशी निवड तयार मिळत नाही. ब्लॅकहोलसारखं एखादं आभासी साधन बसवून मल्टि-आउटपुट डिव्हाइस तयार करावं लागतं, आणि तसं केलं की कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा काम करेनाशा होतात. बिघाड समजू नका, तसंच असतं. लिनक्सवाल्यांना पव्हूकंट्रोलमध्ये 'मॉनिटर' निवडलं की झालं.

केबलचा एक किस्सा सांगतो, म्हणजे तुम्ही पुढे कधी रेकॉर्डरऐवजी मिक्सर घेतलात तर फसणार नाही. वडसाकडे एका रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. गाण्याचे ट्रॅक माझ्या लॅपटॉपवर होते. नेहमीची केबल सापडेना, म्हणून एका बाजूला ईपी स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला स्टिरिओ पी-३८ (६.३५ मिलिमीटरची जाड पिन) अशी पिन असलेली केबल सरळ मिक्सरच्या एका चॅनलला लावली. पडदा उघडला, गाणं सुरू झालं. ढोलकी लांबून ऐकू येतेय, घुमारा ऐकू येतोय, आणि बाई गायब. पेटीवाले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "काऊन बे, बाईले कुठं पाठवलं?" लेव्हल वाढवली, तर घुमारा वाढला, बाई नाहीच. झालं असं होतं की मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड होतं. असं भोक पिनेच्या दोन टोकांवरच्या सिग्नलची वजाबाकी करतं. मी त्या दोन टोकांना डावा आणि उजवा आवाज दिला होता. गायिकेचा आवाज नेहमी मधोमध, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा भरलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं, शून्य उरलं. कॉलचा आवाज तर बहुधा दोन्हीकडे सारखाच असतो, तिथे संपूर्ण शांतता मिळेल आणि तुम्ही लेव्हल वाढवत बसाल. लॅपटॉप मिक्सरला जोडताना एका टोकाला ईपी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८ असलेली केबल घ्या आणि दोन चॅनल वापरा.

रेकॉर्डरऐवजी मोबाइलमध्ये भरायचा विचार असेल तर साधी केबल चालणार नाही. मोबाइलच्या पिनेला चार भाग असतात. डावा, उजवा, जमीन आणि शेवटी माइक. साध्या तीन भागांच्या पिनेत माइकला जागाच नाही, त्यामुळे फोन निवांतपणे स्वतःच्याच माइकमधून तुमचा कूलर रेकॉर्ड करत बसतो. आणि ते भोक माइकचंच असल्याने वरची रेझिस्टरवाली भानगड पुन्हा आलीच. तुमच्याकडे रेकॉर्डर आहे, तोच वापरा.

इथवर सगळं तुमच्या टोकाचं झालं. पण आजीच्या आवाजाचं खरं नुकसान तुमच्यापर्यंत येण्याआधीच झालेलं असतं. कॉलची अ‍ॅप बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं नाही ते सगळं त्यांना कचरा वाटतं. टिपऱ्या, टाळ्या, लांबवलेला सूर, सगळं दाबून टाकतात. मध्येच टिपऱ्या ऐकू येईनाशा होतात त्याचं कारण तुमची लेव्हल नाही. झूम वापरत असाल तर आजीच्या बाजूला 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करून द्यायला सांगा, बराच फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे कॉल चालू असतानाच आजीजवळ दुसरा एखादा फोन विमान मोडवर ठेवून त्यातल्या रेकॉर्डरवर गाणं भरून घ्यायचं. तोंडापासून हातभर लांब, खाली दुमडलेला टॉवेल, पंखा पाठीमागे. ती फाइल नंतर मागवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेट अडखळलं तरी त्या फाइलमध्ये खंड पडत नाही. तुमचं केबलचं रेकॉर्डिंग मग राखीव म्हणून राहील आणि गप्पांसाठी उपयोगी पडेल. मी असतो तर दोन्ही केलं असतं.

फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी जागा लागते. कॉलचा आवाज मोनो भरला तरी काही बिघडत नाही, जागा निम्मी लागते. लेव्हल -१२ ला ठेवल्यामुळे ऐकताना फाइल जरा बारीक वाटेल. मूळ फाइल तशीच ठेवायची, तिची प्रत काढून ऑडॅसिटीत 'नॉर्मलाइझ' करून -१ पर्यंत वर न्यायची आणि तीच नातेवाइकांना पाठवायची. एखादी टिपरीच सगळ्यांत उंच असेल आणि तिच्यामुळे बाकी गाणं वर येत नसेल तर तेवढ्याच तुकड्याला निवडून ६ डेसिबल खाली आणा, मग पुन्हा नॉर्मलाइझ करा. पंचवीस-तीस गाण्यांना एक दुपार पुरेल.

आजीचं गाणं भरून घेता आहात हे तिला आधी सांगितलं असेलच. नसेल तर सांगा. म्हाताऱ्या माणसांना ते आवडतं आणि त्या दिवशी गातातही जरा सावरून. फक्त भरलेलं गाणं कॉलवरच ऐकवायचा मोह झाला तर लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका, तुमच्या माइकमधून ते परत शिरेल, अ‍ॅप त्याला प्रतिध्वनी समजून अर्धं कापेल आणि आजी म्हणेल, हा माझा आवाजच नाही. कॉल ठेवा, फाइल पाठवा, आणि मग पुन्हा फोन करा.